मोकळी कोंबडी, निरोगी घर

आपल्याकडे खेड्यात आणि तालुक्याच्या गावात परसातली कोंबडी ही काही नवलाईची गोष्ट नाही. दिवस उगवला की खुराड्याचे दार उघडायचे, चार मुठी दाणे टाकायचे आणि संध्याकाळी कोंबड्या मोजून पुन्हा कोंडायच्या, हा अनेक घरांचा नित्यक्रम आहे. पाहुणा आला की अंडी, बाळंतिणीला रस्सा आणि अडीनडीला बाजारात नेऊन चार पैसे, असा तिचा संसाराला हातभार असतो. अलीकडे शहरातही 'गावरान अंडी' जास्त पैसे देऊन घेणारा वर्ग वाढला आहे. त्यामुळे ज्यांच्याकडे थोडीशी जागा आहे, अशा पुष्कळ कुटुंबांना दहा-पंधरा कोंबड्या पाळाव्यात असे वाटू लागले आहे.

आरोग्याच्या सदरात कोंबड्यांचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण जे अंडे आपल्या मुलाच्या ताटात येते, त्याचा चांगुलपणा ते घालणाऱ्या कोंबडीच्या राहणीवर अवलंबून असतो. कोंबडी आजारी, तर घरालाही धोका. कोंबडीला भरमसाट औषधे, तर त्याचा अंश आपल्या पोटात. म्हणून या आठवड्यात आपण घरगुती कोंबडीपालनाचा विचार आरोग्याच्या अंगाने करणार आहोत. मुद्दा एकच आहे. कोंबडीला मोकळीक हवी. मात्र मोकळी सोडणे वेगळे आणि वाऱ्यावर सोडणे वेगळे.

कोंबडीचा स्वभाव काय सांगतो?

आपली पाळीव कोंबडी ही तांबड्या रानकोंबडीची वंशज आहे. ही रानकोंबडी आजही भारतातील जंगलांत आढळते. झाडाझुडपांच्या आडोशाने फिरणे, पायाने पाचोळा उकरून किडे व बिया वेचणे, धुळीत लोळून अंग साफ करणे, अंडे घालायला आडबाजूची अंधारी जागा शोधणे आणि रात्री उंचावर बसून झोपणे, हा तिचा मूळ स्वभाव आहे. माणसाने हजारो वर्षे पाळली तरी हा स्वभाव गेलेला नाही. धुळीत लोळण्याची सोय नसेल तर उघड्या जाळीवरही ती लोळण्याची धडपड करते, हे अभ्यासकांनी वारंवार पाहिले आहे.

मोठ्या अंडी-व्यवसायात कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यांत ठेवल्या जातात. आपल्याकडे अशा पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० चौरस सेंटिमीटर जागा येत आली आहे. म्हणजे टंकलेखनाच्या कागदापेक्षाही कमी! एवढ्या जागेत तिला पंख पसरता येत नाहीत. चालणे नाही, उकरणे नाही. हाडे ठिसूळ होतात, पिसे झडतात आणि कंटाळलेल्या कोंबड्या एकमेकींना टोचतात. टोचू नये म्हणून त्यांच्या चोचीची टोके लहानपणीच छाटतात.

या प्रश्नाची चर्चा प्रथम इंग्लंडमध्ये जोरात झाली. रूथ हॅरिसन या लेखिकेने १९६४ मध्ये कारखानी पशुपालनावर पुस्तक लिहिले. त्यानंतर तेथील सरकारने ब्रँबेल समिती नेमली आणि तिचा अहवाल १९६५ मध्ये आला. पुढे १९७९ मध्ये पाळीव जनावरांच्या 'पाच स्वातंत्र्यां'ची मांडणी झाली. तहान-भुकेपासून मुक्ती, गैरसोयीपासून मुक्ती, वेदना व रोगांपासून मुक्ती, स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक आणि भीतीपासून मुक्ती, ही ती पाच. युरोपीय संघाने २०१२ पासून जुन्या पद्धतीचे साधे पिंजरे बंद केले. आपल्या देशातही १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार, हालचाल करण्यास पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा गुन्हा आहे. विधी आयोगाने २०१७ मध्ये खास कोंबड्यांच्या राहणीविषयी स्वतंत्र अहवाल दिला.

परसातल्या कोंबडीला यातले चौथे स्वातंत्र्य आपोआप मिळते. उरलेली चार मात्र मालकाने द्यावी लागतात. आपल्याकडे नेमके तेच राहून जाते.

अंड्यात खरोखर फरक पडतो का?

याबाबत भाबडेपणा नको आणि अविश्वासही नको. साधारण ५० ग्रॅम वजनाच्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात. याशिवाय 'अ', 'ड', 'ब-१२' ही जीवनसत्त्वे असतात. फक्त 'क' जीवनसत्त्व नसते. प्रथिनांच्या बाबतीत पिंजऱ्यातले अंडे आणि परसातले अंडे यांत म्हणण्यासारखा फरक नाही. ज्याला परवडत नाही त्याने बाजारातले साधे अंडे निःशंक खावे.

फरक पडतो तो काही जीवनसत्त्वांत आणि स्निग्ध पदार्थांच्या प्रकारात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हिरव्या कुरणावर चरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत 'ई' जीवनसत्त्व पिंजऱ्यातील अंड्यांच्या दुप्पट आढळले. हृदयाला हितकर मानली जाणारी ओमेगा-३ स्निग्धाम्लेही दुपटीहून अधिक होती. जर्मनीतील हाले येथील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले, की उन्हात फिरणाऱ्या कोंबडीच्या बलकात 'ड' जीवनसत्त्व घरात कोंडलेल्या कोंबडीच्या तीन ते चार पट असते. कारण सोपे आहे. आपल्याप्रमाणेच कोंबडीची त्वचाही उन्हात 'ड' जीवनसत्त्व तयार करते आणि ते अंड्यात उतरते.

पण लक्षात घ्या, हा फायदा ऊन, हिरवा पाला आणि स्वच्छ माती यांचा आहे. 'गावरान' या शब्दाचा नाही. उघड्या गटाराच्या काठाने फिरणारी, कचऱ्याच्या ढिगावर प्लास्टिक आणि सडके अन्न टोचणारी कोंबडी मोकळी असली तरी तिचे अंडे गुणकारी होत नाही. मातीत शिशासारखे विषारी धातू असतील तर तेही अंड्यात उतरू शकतात. जुन्या बॅटऱ्या, रंगाचे डबे, भंगार, कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या जागी कोंबड्या सोडू नयेत.

जागा किती हवी?

युरोपीय नियमांनुसार मोकळ्या कोंबडीला बाहेर किमान ४ चौरस मीटर जागा लागते. आपल्या हिशेबात सांगायचे तर एका गुंठ्यात २५ कोंबड्या. त्यापेक्षा जास्त सोडल्या तर महिन्याभरात गवताचे पाते राहत नाही, जमीन विष्ठेने आंबते आणि जंतांचा उपद्रव सुरू होतो. घरापुरत्या दहा कोंबड्यांना अर्धा गुंठा परस पुरे.

शक्य असेल तर या जागेचे दोन-तीन भाग पाडावेत आणि साध्या जाळीने किंवा काट्यांच्या कुंपणाने अडवून एकेका भागात आळीपाळीने कोंबड्या सोडाव्यात. मोकळ्या राहिलेल्या भागावर ऊन पडते, गवत पुन्हा वाढते आणि जंतांची अंडी बरीचशी मरतात. आंबा, चिकू, पेरू, शेवगा यांच्या बागेत सोडल्यास झाडांना खत मिळते आणि कोंबड्यांना सावली. मात्र फवारणी केलेल्या बागेत औषधाचा अंमल संपेपर्यंत सोडू नये.

सावलीचे महत्त्व दुहेरी आहे. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी सावली आणि थंड पाणी न मिळाल्यास धडधाकट कोंबडी उष्माघाताने दगावते. शिवाय उघड्या माळावर घारीच्या भीतीने कोंबड्या खुराड्यापासून लांब जात नाहीत. झाडे-झुडपे असतील तरच त्या खऱ्या अर्थाने चरतात.

रात्रीचे घर

दिवेलागणीला कोंबड्या आपण होऊन घराकडे वळतात. अंधारात त्यांना फारसे दिसत नाही, म्हणून रात्री त्या पूर्णपणे आपल्या भरवशावर असतात. मुंगूस, मांजर, कुत्रा, साप यांच्यापासून राखण करणारे पक्के खुराडे हा या पालनाचा पाया आहे.

दहा कोंबड्यांना ५ फूट लांब व ४ फूट रुंद खुराडे ऐसपैस होते. ते जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावे, म्हणजे ओल येत नाही. भिंतीच्या वरच्या भागाला अर्ध्या इंची मजबूत जाळी असावी. हवा खेळती हवी, पण पावसाची झड आत येता कामा नये. आत बसायला गोल दांड्या लावाव्यात व प्रत्येक कोंबडीला सहा ते आठ इंच दांडी मिळावी. चार-पाच कोंबड्यांमागे एक, अशी आडोशाला गवत घातलेली खोकी किंवा टोपल्या अंडी घालण्यासाठी ठेवाव्यात. तळाशी भाताचे तूस, भुईमुगाची टरफले किंवा लाकडाचा भुसा पसरावा आणि तो कोरडा राखावा. ओल्या बिछायतीतून अमोनियाचा उग्र वास येतो. हा वास माणसाच्या नाकाला झोंबत असेल तर कोंबडीच्या फुप्फुसांना केव्हाच त्रास सुरू झालेला असतो. काढलेला बिछाना कुजवून परसातल्या भाजीला घालावा.

खुराड्याजवळ एका जुन्या टोपल्यात बारीक माती आणि चुलीतली राख समप्रमाणात मिसळून ठेवावी. कोंबड्या त्यात लोळतात आणि उवा-पिसवा कमी होतात. एवढे साधे, बिनपैशाचे औषध दुसरे नाही.

दाणा आणि पाणी

किडे, गवत, सांडलेले धान्य यांवर कोंबडीचे निम्मेशिम्मे पोट भरते, पण पूर्ण नाही. विशेषतः उन्हाळ्यात जमिनीवर काही मिळत नाही आणि अंडी थांबतात. म्हणून दर कोंबडीमागे रोज ३० ते ५० ग्रॅम वरचा खुराक द्यावा. ज्वारी, बाजरी, मका, तांदळाची कणी, गव्हाचा कोंडा आणि थोडी शेंगदाण्याची किंवा सोयाबीनची पेंड, असे मिश्रण चालते. बुरशी आलेले धान्य किंवा पेंड मात्र कधीही घालू नये. बुरशीच्या विषाने यकृत बिघडते. आपण जे खाणार नाही ते कोंबडीला घालावे, हा समज खोटा आहे.

खुराकातला थोडा भाग संध्याकाळी द्यावा, म्हणजे कोंबड्या वेळेवर घरी येतात आणि मोजताही येतात. अंड्याचे कवच मुख्यतः चुनखडीचे असते, म्हणून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. घरातली अंड्यांची टरफले भाजून बारीक कुटून दिली तरी चालतात. तशीच दिल्यास कोंबड्यांना स्वतःची अंडी फोडण्याची सवय लागते. शेवग्याचा, मेथीचा पाला, अझोला हेही आवडीने खाल्ले जाते. पिल्लांसाठी ओलसर पेंढा व शेण भरलेले मडके वाळवीच्या वारुळाजवळ उलटे ठेवावे. सकाळी त्यात जमलेली वाळवी हा प्रथिनांचा उत्तम खुराक असतो.

पाणी स्वच्छ आणि सावलीत हवे. दहा कोंबड्यांना रोज दोन-अडीच लिटर पाणी लागते, तर उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. भांडे रोज घासावे. आपण ज्या पाण्याला तोंड लावणार नाही ते त्यांच्यापुढे ठेवू नये.

पिल्लांचे पहिले दिवस

खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवली तर एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर पडतात. काही भागांत याला रवण घालणे म्हणतात. आईसारखी दाई दुसरी नाही. ऊब, राखण आणि दाणे टिपण्याचे शिक्षण तिच्याकडूनच मिळते. तरीही पुष्कळ घरांत बारा पिल्लांतली जेमतेम तीन-चारच मोठी होतात. घार, कावळा, मांजर आणि रोग हे चार वाटेकरी बाकीची नेतात. यावर उपाय म्हणजे पहिले तीन-चार आठवडे आई आणि पिल्ले मोठ्या डालग्याखाली किंवा जाळीच्या आत ठेवणे. तिथेच त्यांना बारीक कणी, शिजवलेले अंडे आणि उथळ भांड्यात पाणी द्यावे. पाण्यात गोटे टाकावेत, म्हणजे पिल्लू बुडत नाही.

उबवणी केंद्रातून पिल्ले आणल्यास ऊब आपणच द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान हवे, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करावे. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजते आहे, दूर पळाली तर उकडते आहे आणि सगळीकडे पसरून चिवचिवत असतील तर सारे ठीक आहे, असे समजावे. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. त्यासाठी जुना तारेचा पिवळा दिवाच हवा.

जातीविषयी थोडेसे. साधी गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ७० अंडी देते, पण ती काटक असते, खुडूक बसते आणि पिल्ले वाढवते. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या सुधारित जाती परसासाठीच तयार केलेल्या असून अधिक अंडी देतात, मात्र सहसा खुडूक बसत नाहीत. राज्य शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे आहेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात याबाबत चौकशी करावी.

मानमोडी: एका आठवड्यात खुराडे रिकामे

परसातल्या कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मानमोडी. याच रोगाला राणीखेत म्हणतात. आपल्या देशात तो १९२७ च्या सुमारास कुमाऊँमधील राणीखेत येथे प्रथम ओळखला गेला, म्हणून हे नाव पडले. कोंबडी मलूल होते, हिरवट पातळ विष्ठा टाकते, घशातून घरघर आवाज येतो, मान पिळवटते, पाय व पंख लुळे पडतात. लस न टोचलेल्या कळपात दहातल्या आठ-नऊही मरतात. हा विषाणूचा रोग असल्यामुळे त्यावर औषध नाही. लसूण, हळद, मिरी घालून केलेल्या गोळ्यांनी किंवा माणसाच्या कॅप्सूलने तो बरा होत नाही.

लस मात्र हमखास गुणकारी आणि स्वस्त आहे. पाच ते सात दिवसांच्या पिल्लाला 'लासोटा' लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. साधारण महिन्याने तीच लस पुन्हा देतात. आठ आठवडे झाले की 'आर-टू-बी' लशीचे इंजेक्शन देतात. याशिवाय दुसऱ्या आठवड्यात गंबोरोची आणि सहा-आठ आठवड्यांच्या दरम्यान देवीची लस असते. नक्की वेळापत्रक आपल्या भागातल्या पशुवैद्यकाकडून घ्यावे. जंताचे औषधही साधारण तीन महिन्यांनी त्यांच्याच सल्ल्याने द्यावे.

मग लस का दिली जात नाही? अडचण अशी, की लशीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, आणि कुपी फोडून पातळ केली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी ती कोण आणणार? यावर उपाय एकीचा आहे. आळीतल्या दहा घरांनी एक दिवस ठरवावा. एकाने थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणावी आणि सकाळी खुराडी उघडण्यापूर्वीच सर्वांच्या कोंबड्यांना ती देऊन टाकावी. महिला बचत गटांना हे काम सहज करता येईल. शेजारच्या कोंबड्यांना लस नसेल तर रोग आपल्या दारात कायम राहतो. लस आजारी कोंबडीला देऊ नये आणि दिल्यावर हात साबणाने धुवावेत. ही लस डोळ्यात गेली तर माणसाचे डोळे काही दिवस लाल होतात.

बाजारातून आणलेली नवी कोंबडी सरळ कळपात सोडणे ही दुसरी मोठी चूक. ती किमान पंधरा दिवस, शक्यतो तीन आठवडे, वेगळी ठेवावी.

बर्ड फ्लू आणि आपण

भारतात कोंबड्यांमधील घातक बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळली आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात तो पुन्हा दिसला. हा विषाणू मुख्यतः रानपाखरांतून, विशेषतः पाणपक्ष्यांतून येतो. त्यामुळे तळ्याकाठच्या घरांनी अधिक जपावे. दाणापाणी छपराखाली ठेवावे, म्हणजे बाहेरचे पक्षी त्यावर येत नाहीत.

एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या, तर त्या उघड्या हातांनी हाताळू नयेत. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. एरवी मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावी. आपल्याकडे एक घातक रिवाज आहे. कोंबडी झुकू लागली की 'मरण्यापूर्वी कापून टाकू' म्हणून ती घरी शिजवली जाते. शिजवल्याने विषाणू मरतो हे खरे, पण धोका कापताना व पिसे काढताना असतो आणि ते काम बहुधा घरातली बाईच करते. आजारी कोंबडी कापू नये, विकू नये, शेजाऱ्याला देऊ नये. निरोगी कोंबडीचे नीट शिजलेले मांस व अंडी खाण्यास हरकत नाही.

औषधांचा अतिरेक

मोठ्या प्रमाणावरील कोंबडीपालनात रोग टाळण्यासाठी व वजन वाढवण्यासाठी प्रतिजैविके खाद्यातून देण्याची प्रथा जगभर पडली. अशा सततच्या वापराने जंतू निर्ढावतात. तेच निर्ढावलेले जंतू माणसात आले की आपल्यावर औषधे चालत नाहीत. कॉलिस्टिन हे दवाखान्यातले अगदी अखेरचे अस्त्र समजले जाणारे औषध. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांमध्ये त्याच्या वापरावर भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, यावरून प्रश्नाचे गांभीर्य समजावे.

परसातही आपण तीच चूक करतो. औषधाच्या दुकानातून माणसाची कॅप्सूल आणायची आणि फोडून कोंबड्यांच्या पाण्यात टाकायची, हा प्रकार बंद झाला पाहिजे. मोकळी जागा, कोरडे खुराडे आणि लस असेल तर औषधांची गरज क्वचितच पडते. पशुवैद्यकाने औषध दिलेच, तर ते सांगतील तितके दिवस त्या कोंबडीची अंडी व मांस खाऊ नये.

हाताळणीतली माणुसकी

बाजाराच्या दिवशी सायकलच्या, मोटारसायकलच्या दांडीला पाय बांधून उलट्या टांगलेल्या कोंबड्या आपण नेहमी पाहतो. कोंबडीला छाती व पोट वेगळे करणारा पडदा आपल्यासारखा नसतो, त्यामुळे उलटे टांगल्यावर पोटातल्या अवयवांचा भार फुप्फुसांवर येतो व श्वास कोंडतो. प्राण्याला नाहक वेदना होईल अशी वाहतूक करणे कायद्यानेही गुन्हा आहे. कोंबडी दोन्ही हातांनी पंखांसह अंगाशी धरावी. नेताना बांबूची हवेशीर करंडी वापरावी. मांसासाठी मारायची झाल्यास रात्री अंधारात शांतपणे धरावी, इतर कोंबड्यांसमोर मारू नये आणि धारदार सुरीने क्षणात काम व्हावे. जिने वर्षभर घर पोसले तिचा शेवट तरी हालाचा नसावा.

नेहमीच्या काही शंका

*ब्रॉयलर कोंबडीला वाढीची इंजेक्शने देतात काय?* नाही. पाच-सहा आठवड्यांत तिचे वजन दोन किलो होते ते निवडक पैदाशीमुळे आणि भरपूर खाद्यामुळे. मात्र या वाढीचा ताण तिच्या पायांवर व हृदयावर पडतो.

*तांबूस कवचाचे अंडे अधिक पौष्टिक असते काय?* नाही. कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून 'गावरान' म्हणून विकण्याचेही प्रकार होतात. बलकाचा गडद रंग हिरवा पाला व पिवळा मका यांमुळे येतो. तोही पौष्टिकतेची खात्री देत नाही.

*तालमीतली मुले कच्ची अंडी पितात, ते चांगले काय?* मुळीच नाही. कच्च्या अंड्यातली जवळजवळ निम्मीच प्रथिने पचतात, तर शिजवलेल्या अंड्यातली सुमारे नव्वद टक्के. शिवाय कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतूंची बाधा होऊन जुलाब-ताप येतो. परसातले अंडेही याला अपवाद नाही. अंडे बलक घट्ट होईपर्यंत उकडावे.

*अंडी धुवून ठेवावीत काय?* नाही. धुतल्याने कवचावरचा संरक्षक थर जातो. घाण लागली असल्यास कोरड्या फडक्याने पुसावी व वापरण्यापूर्वी धुवावी. अंडी रोज गोळा करावीत. खुराडे झाडल्यावर, अंडी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. लहान मुलांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नयेत.

अंडे कोणाच्या ताटात?

शेवटी एक हिशेब. दहा गावरान कोंबड्या वर्षाला सहाशे ते सातशे अंडी देतात, म्हणजे आठवड्याला बारा-तेरा. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाला आठवड्याला दोन अंडी देऊनही दोन-तीन उरतात. पण प्रत्यक्षात काय होते? गावरान अंड्याला भाव चांगला म्हणून सगळी अंडी बाजारात जातात आणि त्या पैशातून मुलांसाठी बिस्किटाचे पुडे येतात. कोंबड्यांना दाणे घालणारी, खुराडे झाडणारी घरची सून पांडुरोगाने फिकट असते आणि तिच्या वाट्याला महिन्याकाठी एकही अंडे येत नाही.

ज्या घरात अंडी खाण्यास हरकत नाही, त्यांनी एक नियम करावा. आधी वाढत्या वयाची मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांची अंडी बाजूला काढावीत आणि उरलेली विकावीत. अंड्यातले लोह फार नसते, त्यामुळे पांडुरोगासाठी पालेभाज्या, कडधान्ये, लिंबू आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या यांना पर्याय नाही. पण प्रथिने आणि 'ब-१२' जीवनसत्त्वाची उणीव या अंड्यांनी काही प्रमाणात भरून निघते.

येत्या पावसाळ्यापूर्वी खुराड्याचे छप्पर शाकारून घ्यावे, आळीतल्या शेजाऱ्यांशी बोलून लशीचा दिवस ठरवावा आणि पहिल्या आठवड्याची अंडी घरातच ठेवावीत. एवढी तीन कामे झाली तरी पुष्कळ झाले.